परसबागेच्या पाण्यात मासे: बुलढाणा जिल्ह्यासाठी एक हिशेब



आजचा विषय आहे परसबागेशेजारी छोट्या टाकीत मासे पाळण्याचा. विषय सांगितला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "आमच्याकडे मार्चनंतर टँकरची वाट बघावी लागते. माणसांना प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही मासे पाळायला सांगता?" प्रश्न रास्त आहे. तो टाळून पुढे गेलो तर बाकीच्या बोलण्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

मासा पाणी संपवत नाही. गोड्या पाण्यातला मासा तर पाणी पीतही नाही, ते त्याच्या अंगात आपोआप शिरतं आणि तो ते सतत बाहेर टाकतो. मासा पाणी खराब करतो. आणि ज्यामुळे पाणी खराब होतं ते म्हणजे मुख्यतः नत्र, जे आपण भाजीसाठी दुकानातून गोणीत विकत आणतो. म्हणजे एकाची घाण ती दुसऱ्याचं अन्न. आपल्या जिल्ह्याला ही कल्पना नवी नाही. महामार्गाच्या कामाला माती-मुरूम हवा होता, आणि आपले तलाव-नाले गाळाने भरलेले होते. रस्त्यासाठी माती तलावातून काढली, रस्ता झाला आणि तलावात पाण्याला जागाही झाली. त्यालाच पुढे 'बुलढाणा पॅटर्न' म्हणू लागले. आज आपण बोलणार आहोत ते त्याच विचाराचं घरगुती रूप आहे. वाफ्याला जायचं ते पाणी जाता जाता माशांच्या टाकीतून जाऊ द्यायचं, इतकंच.

हिशेब भाजीपासून सुरू करा

बहुतेक जण इथेच चुकतात. आधी टाकी घेतात, मग त्यात किती मासे मावतील ते विचारतात, आणि टाकीतलं घाण पाणी कुठे सोडायचं हा विचार सगळ्यात शेवटी. आम्ही म्हणतो, उलट्या बाजूने या. आधी विचारा, माझ्या परसबागेला रोज किती पाणी लागतं?

समजा २० चौरस मीटरचे वाफे आहेत, म्हणजे साधारण सव्वादोनशे चौरस फूट. मेथी, पालक, वांगी, टोमॅटो, चार मिरच्या. पाऊस नसताना चौरस मीटरला दिवसाला ५ लिटरच्या आसपास पाणी धरा. झाले १०० लिटर, पंधरा लिटरच्या सात बादल्या. हे पाणी तुम्ही आजही देताच. मासे असोत की नसोत.

आता या पाण्याच्या वाटेवर ३,००० लिटरची टाकी बसवा. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, एक मीटर खोल. रोज तळाच्या तोटीतून १०० लिटर वाफ्याला सोडायचं आणि वरून तेवढंच ताजं पाणी भरायचं. महिन्याभरात टाकीतलं पाणी जवळपास एकदा बदललं जातं. माशांसाठी जादा पाणी किती लागलं? फक्त वाफ होऊन उडालं तेवढं. भर मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सेंटिमीटरभर किंवा त्याहून जास्त उतरते. तीन चौरस मीटर पृष्ठभागाला सेंटिमीटरभर म्हणजे ३० लिटर, रोज दोन बादल्या. वर शेडनेट टाकली, भिंतीच्या सावलीत टाकी ठेवली, तर यात बरीच घट होते. पण शून्य होत नाही, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

तर नियम असा: रोज वाफ्याला जितकं पाणी जातं त्याच्या तीसपट टाकी. दहा चौरस मीटरची बाग असेल तर दीड हजार लिटरची टाकी. बाग नसेल तर टाकीही नको.

घाणीचं खत कसं होतं

३,००० लिटरच्या टाकीत आम्ही ३० मासे धरतो. प्रत्येक मासा काढणीला ३०० ग्रॅमचा, म्हणजे एकूण ९ किलो. काढणीच्या सुमारास ते दिवसाला २०० ग्रॅमच्या आसपास खाद्य खातात. खाद्यात ३२ टक्के प्रथिनं असतील तर प्रथिनं झाली ६४ ग्रॅम. प्रथिनात नत्र १६ टक्के, म्हणजे दिवसाला सुमारे १० ग्रॅम नत्र टाकीत पडतं. त्यातलं पाव ते एक तृतीयांश माशाच्या अंगी लागतं. उरलेलं, साधारण ७ ग्रॅम, पाण्यात येतं. महिन्याला झालं २१० ग्रॅम. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे जवळपास अर्धा किलो युरियाइतकं नत्र महिन्याभरात तुमच्या वाफ्याला जातंय. वीस चौरस मीटरच्या पालेभाजीला तेव्हा वेगळा युरिया लागत नाही. लागवडीआधी कुजलेलं शेणखत मात्र घालायचंच, कारण पालाश आणि बाकीची अन्नद्रव्यं माशांच्या पाण्यातून पुरेशी मिळत नाहीत.

हे ऐकायला छान वाटतं. पण मधे एक पायरी आहे आणि नवशिक्यांचे मासे तिथेच मरतात. माशाच्या अंगातून नत्र बाहेर येतं ते अमोनियाच्या रूपात, आणि अमोनिया माशाला विष आहे. टाकीत दोन प्रकारचे जिवाणू हळूहळू वस्ती करतात. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट मासा बऱ्यापैकी सहन करतो आणि झाडाला ते हवंच असतं. या जिवाणूंना बसायला खरखरीत जागा लागते आणि प्राणवायू लागतो. म्हणून एक जुना २०० लिटरचा ड्रम घ्या, स्वच्छ धुतलेला, औषधाचा नको. त्यात दीडेकशे लिटर खडी किंवा विटांचे तुकडे भरा. टाकीतलं पाणी छोट्या पंपाने ड्रमवर चढवा आणि खडीतून झिरपत पुन्हा टाकीत पडू द्या. वीस वॅटचा पंप चोवीस तास चालला तरी महिन्याला पंधरा युनिटच्या आत राहतो.

ही जिवाणूंची वस्ती बसायला तीन ते पाच आठवडे जातात. आम्ही हे पुस्तकातून सांगत नाही. आमच्या पहिल्या टाकीत पाणी काचेसारखं नितळ होतं. बीज देणाऱ्याने सांगितलं, "दोनशे सोडा, काही होत नाही." सोडले. पहिले चार दिवस मासे खात होते, आम्हीही हौसेने खाऊ घालत होतो. सातव्या दिवशी ते पृष्ठभागावर तोंड काढायला लागले, नवव्या दिवशी सकाळी बादलीभर मेलेले मासे काढले. पाणी तेव्हाही नितळच होतं. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. त्या दिवसापासून आमचा नियम आहे: पहिल्या महिन्यात पाच-सहाच मासे, खाद्य चिमटीभर, आणि दर दोन दिवसांनी अमोनियाची तपासणी. शोभेच्या माशांच्या दुकानात त्याची छोटी किट मिळते. आकडा खाली आला की मग बाकीचे मासे सोडायचे.

आपलं पाणी, आपला सामू

अमोनिया किती घातक, हे पाण्याच्या सामूवर अवलंबून असतं. पाणी ३० अंश तापमानाचं धरा. सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी विषारी रूपात एक टक्काही नसतो. सामू ८ झाला की सात-आठ टक्के. सामू ९ झाला की ४५ टक्के! अमोनिया तेवढाच, विष पन्नासपट. आपल्याकडे बेसॉल्टच्या खडकातल्या बोअरचं पाणी जड असतं आणि त्याचा सामू बहुधा आठच्या आगेमागे असतो. म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाचं "इतके मासे ठेवले, काही झालं नाही" हे इथे जसंच्या तसं लागू होत नाही. या मोजपट्टीचं दुसरं टोक पाहायचं तर आपल्याच जिल्ह्यात लोणार आहे. दहाच्या आसपास सामू असलेल्या पाण्यासाठी ते सरोवर जगभर ओळखलं जातं, आणि तसल्या पाण्यात आपल्या नेहमीच्या माशांचा निभाव लागत नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे पावसाचं पाणी मिसळणं. जिल्ह्यात वर्षाला साधारण सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. ४० चौरस मीटरच्या टिनाच्या छतावर ७०० मिलिमीटर म्हणजे २८,००० लिटर. वाया जाईल ते सोडलं तरी वीस-बावीस हजार लिटर हाती येऊ शकतं, म्हणजे तुमची टाकी सात वेळा भरेल. मात्र निव्वळ पावसाचं पाणीही नको. त्यात क्षार नसल्याने सामू एकदम खाली घसरू शकतो. अर्धं बोअरचं, अर्धं छताचं, असं ठेवा.

नळाचं किंवा टँकरचं पाणी असेल तर त्यात टीसीएल पावडर असते. ते थेट टाकीत ओतू नका. उघड्या पिंपात दोन दिवस उन्हात ठेवा, मग घ्या.

घाटावर आणि घाटाखाली

आपण जिल्ह्याचे दोन भाग करतोच. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार. घाटाखाली मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद. मासेपालनातही हे दोन वेगळे प्रांत आहेत.

घाटावर अडचण थंडीची. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार पडलं की पंगस आणि तिलापिया खाणं जवळजवळ सोडतात. खाद्य तसंच टाकत राहिलात तर ते तळाशी कुजतं. थंडीत हात आखडता घ्या.

घाटाखाली दोन अडचणी आहेत. एक ऊन. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशाला लिटरमध्ये सव्वाआठ मिलिग्रॅम, ३५ अंशाला सातच्याही खाली. आणि तापलेल्या पाण्यात माशाची गरज मात्र वाढते. पाणी हिरवं झालं असेल तर शेवाळही रात्री प्राणवायू खातं. म्हणून मासे मरतात ते बहुधा पहाटे, आणि त्यातही रात्री लाइट गेलेली असली तर.

दुसरी अडचण खारपाणपट्ट्याची. पूर्णेच्या खोऱ्यात भूजल खारं आहे, हे इथे कोणाला सांगायला नको. लोकांना वाटतं, खाऱ्या पाण्यात मासे कसे जगतील? खरं म्हणजे लिटरला दोन-तीन ग्रॅम क्षार असले तरी पंगस किंवा तिलापियाला फारसा फरक पडत नाही. आधी कोमेजते ती भाजी. घेवडा, कांदा, गाजर हे क्षार अजिबात सोसत नाहीत. पालक त्यातल्या त्यात सोसतो, बीट त्याहून जास्त. शिवाय पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. खारं पाणी नुसतं वरून भरत राहिलात तर टाकीतला क्षार दर आठवड्याला चढत जातो. म्हणून या पट्ट्यात पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी केल्याशिवाय हा खटाटोप करू नका. जिल्ह्यात बुलढाण्याला आणि जळगाव जामोदला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथे आधी विचारा.

वर्षाचं वेळापत्रक

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. प्यायला पाणी नसताना मासे पाळायचे का? आमचं उत्तर स्वच्छ आहे: नाही. उन्हाळ्यात टाकीत मासे ठेवायचेच नाहीत.

जूनमध्ये टाकी आणि ड्रम तयार करा. पहिल्या पावसाचं पाणी भरा. जुलैत पाच-सहा मासे सोडून जिवाणू बसू द्या. ऑगस्टमध्ये बाकीची बोटुकली सोडा. बीज मिळण्याचे दिवसही तेच असतात. पावसाळ्यात वाफ्याला पाणी लागत नाही, पण तेव्हा मासे बोटभर असतात आणि घाणही कमी असते. दिवाळीनंतर मासे मोठे होतात, नेमकी तेव्हाच भाजीला पाण्याची आणि खताची गरज वाढते. दोन्ही गोष्टी जुळून येतात. मधे थंडीत थोडं मंदावतं. फेब्रुवारीपासून मोठे मासे एकेक करून काढून खायला लागा आणि मार्च संपेपर्यंत टाकी रिकामी करा. शेवटचं गाळाचं पाणी वाफ्यात. एप्रिल-मे टाकी कोरडी, उन्हात तापू द्या. त्या दोन महिन्यांत रोज उडणाऱ्या त्या दोन बादल्या घरात वापरा.

जे बारमाही मासेपालन शिकवतात त्यांना हे पटत नाही. पण आपलं वर्ष आपल्या पाण्यानुसार आखायचं असतं.

मासा कोणता

कटला, रोहू, मृगळ हे तलावाचे आणि शेततळ्याचे मासे. त्यांना फिरायला मोकळं पाणी लागतं. तीन हजार लिटरमध्ये ते खुजे राहतात. छोट्या टाकीला पंगस बरा. तो वर येऊन हवाही घेऊ शकतो, त्यामुळे पंप तासभर बंद पडला तर लगेच मरत नाही. देशी मागूरही तसाच चिवट आहे, पण त्याचं बीज सहज मिळत नाही. तिलापिया घ्यायचा तर परवानगी असलेल्या केंद्रातूनच. आणि एक सावधगिरी: मागूर म्हणून काही जण आफ्रिकन मांगूर देतात. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. तो नाल्यात निसटला तर आपल्या नद्यांतले मासे खाऊन टाकतो. शंका आली तर बीज घेऊ नका, जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.

काही प्रश्न

*यातून उत्पन्न किती मिळेल?* विकण्यासाठी म्हणून हे करू नका. नऊ किलो मासे म्हणजे घरच्या पाच माणसांना अठराएक वेळचं कालवण. त्यासाठी तेरा-चौदा किलो खाद्य लागतं. खरा फायदा बागेचा आहे: खताची बचत, आणि रोज पाणी मोजून देण्याची सवय. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० साली सुरू झाली. तिच्यात बायोफ्लॉकसारख्या मोठ्या युनिटना सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अर्थसाहाय्य ठेवलं होतं. पण बायोफ्लॉकमध्ये मासे दाटीने असतात. हवेचा पंप बंद पडला की काही तासांत टाकीच्या टाकी जाते. ज्या गावात लाइटचा भरवसा नाही तिथे कर्ज काढून त्यात उतरण्याआधी एक हंगाम ही छोटी टाकी चालवून बघा. शिकण्याची फी कमी पडेल.

*भाजीवर फवारणी करायची असेल तर?* टाकीजवळ रासायनिक फवारणी नको. आपल्या कपाशीच्या पट्ट्यात हा सगळ्यात मोठा धोका आहे. कीटकनाशकांतली काही औषधं माशाला अगदी थेंबभरही पुरतात. फवारणीची बादली, मग किंवा पंपाची नळी टाकीत बुडवायची नाही. टाकीची बादली वेगळी, तिला रंग लावून ठेवा. घरातल्या सगळ्यांना ते माहीत असायला हवं, सालदारालासुद्धा.

*डास होतील का?* मासे असलेल्या टाकीत अळ्या टिकत नाहीत. आरोग्य विभाग गप्पी मासे सोडतो तो त्याचसाठी. एप्रिलमध्ये टाकी रिकामी केलीत की मात्र पूर्ण कोरडी करा. आणि लहान मुलं असलेल्या घरात टाकीवर पक्की जाळी हवीच.

*हे पाणी भाजीवर टाकलं तर चालतं का?* मुळाशी द्या, पानांवर नको. पालेभाजी नेहमीप्रमाणे धुऊन घ्या.

शेवटी

मासे आणि भाजी एकाच पाण्यावर वाढवण्याचं शास्त्र ज्या ठिकाणी आकडेवारीनिशी उभं राहिलं, त्यातलं एक म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन बेटांचं विद्यापीठ. तिथे जेम्स राकोसी आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकापासून यावर काम करत होते. बेटावर गोडं पाणी कमी, म्हणून प्रत्येक थेंब दोनदा वापरण्याची गरज. इकडे कोलकात्याच्या पूर्वेला शहराच्या सांडपाण्यावर मासे आणि भाजी पिकवणारे लोक पिढ्यानपिढ्या तेच करत आले आहेत. म्हणजे पाणी भरपूर आहे म्हणून हे सुचलं नाही. बेटावर तर ते पाण्याच्या टंचाईतूनच उभं राहिलं.

तेव्हा उद्या घरी गेल्यावर टाकीची किंमत विचारत फिरू नका. आठवडाभर फक्त एक करा: परसबागेला रोज किती बादल्या पाणी जातं ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. तो आकडा हातात आला की टाकी किती, मासे किती आणि खाद्य किती, हे सगळं त्यातूनच निघतं. आणि तो आकडा मार्चनंतर टिकणार नसेल, तर मासे मार्चपर्यंतच.